दंतसाहाय्यक : व्यावसायिक आचार व सांस्कृतिक भान

दंतवैद्याला उपचारांत शेजारी राहून मदत करणारा प्रशिक्षित कर्मचारी. न्यू ऑर्लिन्स येथील दंतवैद्य सी. एडमंड केल्स यांनी १८८५ मध्ये दवाखान्यात महिला मदतनीस नेमली. या व्यवसायाचा आरंभ सामान्यतः तेथून मानतात. जूलिएट साउथर्ड यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये अमेरिकेत दंतसाहाय्यकांची संघटना उभी राहिली. भारताच्या १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमात डेंटल हायजिनिस्ट व डेंटल मेकॅनिक यांच्या नोंदणीची तरतूद होती. दंतसाहाय्यकांचा स्वतंत्र वर्ग मात्र नव्हता.

व्यावसायिक आचार : दंतवैद्य उजवखोरा असल्यास साहाय्यक रुग्णाच्या डाव्या बाजूस, दंतवैद्याहून थोडे उंच बसतो, एका हाताने सक्शन नळी धरतो, दुसऱ्याने हत्यारे देतो. दर रुग्णागणिक हातमोजे बदलणे, हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणे, नोंदी अचूक ठेवणे ही त्याची कामे. निदान वा औषधयोजना त्याच्या अधिकारात येत नाही. रुग्णाची माहिती गुप्त राखणे बंधनकारक असून एचआयव्हीबाबत भारताचा २०१७ चा कायदा लागू होतो.

सांस्कृतिक भान : जबड्याच्या पूर्ण एक्स-रेपूर्वी नथ, कर्णफुले काढावी लागतात; याचे कारण आधी सांगून रुग्णाला ती स्वतः काढू द्यावीत. अस्थिरोपणाचे काही पदार्थ गाय वा डुकरापासून बनतात, म्हणून रुग्णाची संमती आधी घेतली जाते. रोजा किंवा निर्जळी उपवास असल्यास तातडी नसलेल्या उपचाराची वेळ बदलता येते. मिश्री, तंबाखूची विचारणा दोष न देता केल्यास खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.