रकान्यांची निवड आणि शिरोळचा सातबारा

शिरोळ तालुक्यातील कृष्णा-पंचगंगेकाठच्या उसाच्या जमिनीचा लेखी इतिहास मुख्यतः रकान्यांत नोंदलेला आहे. मोडी हिशेबांत एका बाबीखाली दुसरी बाब लिहीत जाण्याची रीत होती आणि विस्तृत हिशेबातून काढलेल्या गोषवाऱ्याला तेरीज म्हणत. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी-आकारणी रुजली, पुढे 1903 मध्ये हक्कनोंदणीचा कायदा झाला, आणि गावचे दप्तर छापील, रकानेवार नमुन्यांत बसत गेले. कोल्हापूर संस्थान 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर शिरोळचा कारभारही याच चौकटीत आला.

एकवीस गाव नमुन्यांपैकी सातव्यात जमिनीवरील हक्क असतात, तर बाराव्यात पिके. हे दोन तक्ते गट क्रमांकाच्या आधारे एका कागदावर जोडले की सातबारा तयार होतो. त्याच हक्कनोंदी गटाऐवजी खातेदारानुसार मांडल्या की 8अ होतो, आणि बाराव्यातील पीक व क्षेत्र एवढेच घेऊन गावाची बेरीज केली की अकरावा नमुना. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी रचलेल्या ‘आर’ या सांख्यिकी संगणकभाषेत यातले निवडीचे काम चौकोनी कंसात होते: स्वल्पविरामाच्या डावीकडे हव्या त्या ओळी, उजवीकडे हवे ते रकाने. रकाना क्रमांकानेही मागता येतो, पण तक्त्यात मध्येच नवा रकाना आला की तोच क्रमांक भलतीच माहिती देतो; म्हणून नावाने मागणे अधिक सुरक्षित. शिवाय एकच रकाना मागितला, तर वेगळी सूचना नसल्यास हाती तक्ता न राहता नुसती मूल्यांची रांग उरते.

2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी या निवडीचे महत्त्व शिरोळमध्ये फार ठळक केले. पंचनाम्यात गट क्रमांक, खातेदार, पीक आणि बाधित क्षेत्र हे तपशील लागतात, आणि मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. जुन्या छापील बाराव्या नमुन्यात ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ हा स्वतंत्र रकाना होता. मदतीची यादी मात्र केवळ सातव्यातील भोगवटादाराच्या नावावरून काढली, तर खंडाने ऊस लावणारा माणूस त्या यादीत येतच नाही. कष्ट कोणाचे बुडाले हे तेथे निवडलेल्या रकान्यावर ठरते, म्हणून या निवडीला निव्वळ कारकुनी काम मानणे अन्यायाचे आहे.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून पीक नोंदवू लागला आणि पिकाच्या छायाचित्रासोबत अक्षांश-रेखांशही घेतले जाऊ लागले. तलाठ्याच्या वहीत अशा नोंदींना रकानाच नव्हता.