संप्रेषणाची तत्त्वे आणि महानुभाव गद्य

'संप्रेषण' हा घटक शिकविताना आपण फळ्यावर एक आकृती काढतो : प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, आणि मध्ये कोठेतरी 'व्यत्यय'. या आकृतीचे मूळ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ मधील गणिती निबंधात आहे. तारेतून जाणारा संकेत कमीत कमी हानीने पलीकडे कसा पोहोचवावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. संदेशाच्या अर्थाचा प्रश्न त्यांनी हेतुतः बाजूला ठेवला होता. साहित्याच्या वर्गात मात्र तो बाजूला ठेवून चालत नाही. म्हणून माणसाचे बोलणे माणसापर्यंत कसे पोहोचते, याची काही मूलतत्त्वे आम्ही येथे महानुभाव वाङ्मयाच्या इतिहासाच्या आधारे तपासू इच्छितो.

पहिले तत्त्व असे की, भाषेची निवड वक्त्याच्या विद्वत्तेवरून नव्हे, तर श्रोत्यावरून ठरते. परंपरेनुसार चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतील भडोचचे. तरीही त्यांनी उपदेश मराठीतून केला. त्यांच्या पश्चात पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांभोवती संस्कृतज्ञ पंडितांचा मेळा जमला होता. ग्रंथरचना संस्कृतात करण्याचा विचार केशिराजबासांसमोर आला, तेव्हा आचार्यांनी त्यांना थोपविले. त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे कारण 'स्मृतिस्थळा'त नोंदलेले आहे. ज्या श्रोत्याला वगळून ग्रंथ सहज लिहिता आला असता, त्यालाच येथे प्रमाण मानले गेले.

दुसरे तत्त्व संदर्भाचे. केशिराजबासांनी चक्रधरांची वचने 'सूत्रपाठा'त संकलित केली. सूत्र हे स्वभावतःच तुटक असते. प्रसंगावेगळे काढले की त्यातून वाटेल तो अर्थ निघू शकतो. पंथीयांना याची जाणीव होती. म्हणूनच कोणते वचन कोठे, कोणाला आणि कशावरून उच्चारले गेले, हे सांगणारे 'प्रकरणवश' सिद्ध झाले. 'दृष्टांतपाठा'ची घडणही अशीच बोलकी आहे : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग तो दृष्टांत सिद्धांताला लावून दाखविणारे दार्ष्टांतिक. दृष्टांत ऐकणाऱ्याला कळला म्हणजे सिद्धांतही कळला, असे तेथे गृहीत धरलेले नाही. त्या दोहोंना जोडणारा दुवा स्वतंत्रपणे दिलेला आहे.

तिसरे तत्त्व असे की, संदेश पुढे जाताना बदलतो, आणि हा बदल लपविण्यापेक्षा नोंदविणे अधिक प्रामाणिक असते. इ. स. १२७८च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'लीळाचरित्रा'साठी म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासातील माणसांकडून आठवणी मिळविल्या आणि नागदेवाचार्यांच्या साक्षीने त्या पारखून घेतल्या. पुढे यादवांच्या पाडावानंतरच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली. हिराइसेसारख्या व्यक्तींच्या स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. उपलब्ध पोथ्यांत निरनिराळे पाठ त्या त्या व्यक्तीच्या नावाने दिलेले आढळतात. एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकण्याचा सोपा मार्ग त्यांनी पत्करला नाही.

चौथे तत्त्व संकेताचे, आणि येथे हा इतिहास उलटे वळण घेतो. चौदाव्या शतकापासून पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. त्यांतील 'सकळ' लिपी सर्वाधिक प्रचलित. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर वा चिन्ह योजण्याची ही पद्धत. ग्रंथांचे पावित्र्य राखावे आणि ते अनधिकारी वाचकाच्या हाती पडू नयेत, हा त्यामागील हेतू सामान्यतः सांगितला जातो. किल्ली ज्यांच्यापाशी होती, त्यांच्यासाठी संप्रेषण अबाधित राहिले; इतरांसाठी तीच पोथी मुकी झाली. पंथाविषयी समाजात अनेक अपसमज पसरले, आणि ते खोडून काढू शकतील असे ग्रंथ मात्र बाहेरच्या माणसाला वाचताच येत नव्हते. म्हाताऱ्या स्त्रियांसाठी मराठीचा आग्रह धरणाऱ्या परंपरेनेच उर्वरित मराठी समाजापुढे दार लावून घेतले, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि त्याबद्दल केवळ पंथाला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण ज्याला ऐकणारा समाज प्रतिकूल वाटतो, तो आपला संकेत आवळून घेतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांनी या लिप्यांचा उलगडा केला. तोवर मराठी वाङ्मयाचा आरंभ मुकुंदराज आणि ज्ञानेश्वर यांच्या काव्यापासून सांगितला जाई. ज्ञानेश्वरीपूर्वी मराठीत असे जिवंत, बोलके गद्य होते, याचा अभ्यासकांना पत्ताच नव्हता. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले.

फळ्यावरच्या आकृतीत हे सारे 'व्यत्यय' या एका शब्दात कोंबले जाते. वस्तुतः येथे संदेश टिकला होता, माध्यम टिकले होते, वाचू इच्छिणारेही होते; नव्हता तो दोहोंतील सामाईक संकेत, आणि तो देण्याघेण्याइतका विश्वास. आकृती शिकवावी लागेलच. अभ्यासक्रमात ती आहे. पण तिच्याशेजारी एखादे सूत्र आणि त्याचे प्रकरण ठेवून पाहावे, असे आम्हांस वाटते. आधी केवळ सूत्र वाचून विद्यार्थ्यांना अर्थ विचारावा, नंतर प्रकरण सांगून पुन्हा विचारावा. दोन उत्तरांतील अंतर मोजण्यास कोणत्याही आकृतीची गरज पडणार नाही.