पल्लावर्धित विद्युत् मोटारगाडी

चाके विद्युत् चलित्राने फिरविणारी, नित्याच्या प्रवासासाठी बाहेरील विजेने भारित केलेल्या विद्युत् घटमालेवर अवलंबून असणारी आणि घटमालेतील ऊर्जा संपत आल्यावर लहान अंतर्ज्वलन एंजिनाने जनित्र चालवून पुढील प्रवासासाठी वीज मिळविणारी मोटारगाडी. एकदा भारित केलेल्या घटमालेवर गाडी जितके अंतर जाते त्यास तिचा विद्युत् पल्ला म्हणतात. एंजिन हा पल्ला वाढविते, म्हणून त्यास पल्लावर्धक ही संज्ञा आहे. सामान्य संकरित मोटारगाडीत एंजिन हे प्रधान व चलित्र हे साहाय्यक असते. येथे हा क्रम उलट असतो. घर व कार्यालय यांमधील रोजच्या जाण्यायेण्यासाठी ही रचना विशेष अनुरूप मानली गेली. यूरोपात कंपनीने कर्मचाऱ्यास दिलेली गाडी या स्वरूपात तिचा प्रसार झाला. या प्रसाराच्या इतिहासात यंत्ररचनेइतकाच करपद्धतीचाही वाटा आहे.

पूर्वपीठिका : एंजिन, जनित्र व चलित्र यांची एकसरी जोडणी जुनी आहे. व्हिएन्ना येथील लोनर कंपनीत काम करीत असताना फेर्डिनांट पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास ‘सेंपर व्हायव्हस’ ही गाडी तयार केली. तिच्या पुढील चाकांच्या तुंब्यांतच चलित्रे बसविलेली होती व त्यांना वीज पुरविण्यासाठी पेट्रोल एंजिनावर चालणारी दोन जनित्रे होती. पुढे पेट्रोल एंजिनात सुधारणा होऊन इंधन स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाल्याने अशा रचना मागे पडल्या. कॅलिफोर्निया राज्याच्या हवा संसाधन मंडळाने १९९० मध्ये शून्य-उत्सर्जन वाहनांविषयीचे नियम केले, तेव्हा विद्युत् गाड्यांकडे पुन्हा लक्ष वळले. तथापि १९९६ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने भाडेपट्ट्याने दिलेल्या ‘ईव्ही-१’ या गाडीनेही मर्यादित पल्ल्याची अडचण दूर झाली नाही.

व्होल्ट व अँपेरा : जनरल मोटर्सने जानेवारी २००७ मध्ये डिट्रॉइट येथील प्रदर्शनात ‘शेव्हरोले व्होल्ट’ ही संकल्पित गाडी मांडली. अमेरिकेतील कामावर जाणाऱ्यांपैकी सु. ७८ टक्के लोकांचा दैनिक प्रवास ४० मैलांच्या (सु. ६४ किमी.) आत असतो, या आकडेवारीवरून विद्युत् पल्ल्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. २०१० च्या अखेरीस विक्रीस आलेल्या गाडीत १६ किलोवॉट-तास क्षमतेची लिथियम-आयन घटमाला, १११ किलोवॉटचे चलित्र आणि १.४ लिटरचे पेट्रोल एंजिन होते. घटमालेचे आयुष्य वाढावे म्हणून तिच्या क्षमतेचा सु. दोन-तृतीयांश भागच वापरला जाई. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या चाचणीत तिचा विद्युत् पल्ला ३५ मैल (सु. ५६ किमी.) व एकूण पल्ला ३७९ मैल (सु. ६१० किमी.) ठरला. घटमाला रिकामी झाल्यावर अधिक वेगाने जाताना एंजिनाची काही शक्ती दंतचक्रांद्वारे चाकांपर्यंतही पोहोचते, हे २०१० मध्ये उघड झाले. त्यामुळे तिला विद्युत् गाडी म्हणावे की संकरित, असा वाद निर्माण झाला. हीच गाडी यूरोपात ‘ऑपेल अँपेरा’ व ब्रिटनमध्ये ‘व्हॉक्सॉल अँपेरा’ या नावांनी विकली गेली. व्होल्ट व अँपेरा यांना मिळून २०१२ चा यूरोपीय ‘कार ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला.

ब्रिटनमधील कंपनीच्या गाड्या : ब्रिटनमध्ये वेतनवाढीवर निर्बंध असलेल्या १९७० नंतरच्या काळात वेतनाऐवजी गाडी देण्याची प्रथा बळावली. गाडीचा खाजगी वापर हा वेतनाचाच भाग समजून त्यावर आयकर आकारला जातो आणि घर ते कार्यालय हा नेहमीचा प्रवासही खाजगी वापरात मोडतो. २००२ पूर्वी वर्षाकाठी २,५०० मैलांहून व १८,००० मैलांहून अधिक कामकाजी प्रवास करणाऱ्यास करात टप्प्याटप्प्याने सवलत असे. त्यामुळे गाडी अधिक चालविणे लाभाचे ठरे. एप्रिल २००२ पासून ही पद्धत रद्द झाली व गाडीच्या सूचीमूल्याचा करपात्र हिस्सा तिच्या दर किमी.मागील कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जनानुसार ठरू लागला. एप्रिल २०१० पासून ७५ ग्रॅमपर्यंत उत्सर्जन असलेल्या गाड्यांसाठी हा हिस्सा अवघा ५ टक्के करण्यात आला.

याचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. सूचीमूल्य ३०,००० पौंड असलेली, १२० ग्रॅम उत्सर्जनाची पेट्रोल गाडी २०१२-१३ या वर्षी १५ टक्क्यांच्या गटात येत असे. म्हणजे ४,५०० पौंड उत्पन्न करपात्र ठरे आणि ४० टक्के दराने कर भरणाऱ्यास १,८०० पौंड द्यावे लागत. तेवढ्याच मूल्याच्या पल्लावर्धित गाडीवर हा कर ६०० पौंड होई. शिवाय जानेवारी २०११ पासून अशा गाडीच्या खरेदीस ५,००० पौंडांपर्यंत अनुदान मिळे व लंडनचे गर्दी-शुल्कही माफ होते. वीज ही करकायद्याच्या दृष्टीने इंधन नसल्याने कंपनीने पुरविलेल्या विजेवर इंधनलाभाचा वेगळा कर लागत नसे.

उत्सर्जनाच्या आकड्याचा आधार : अँपेराचे अधिकृत उत्सर्जन २७ ग्रॅम होते. हा आकडा तत्कालीन यूरोपीय चाचणीच्या सूत्रातून येई. चाचणीत मोजलेला विद्युत् पल्ला संपल्यावर गाडी एंजिनावर केवळ २५ किमी. जाईल व नंतर पुन्हा भारित केली जाईल, असे या सूत्रात गृहीत होते. अँपेराचा चाचणीतील पल्ला ८३ किमी. होता, म्हणजे १०८ किमी.पैकी २५ किमी., अर्थात सु. २३ टक्के प्रवासच पेट्रोलवर धरला गेला. उलट हिशेब केल्यास एंजिनावर चालतानाचे उत्सर्जन सु. ११७ ग्रॅम येते. गाडी रोज रात्री भारित करणारा आणि कधीच न करणारा असे दोघे कर मात्र २७ ग्रॅमचाच भरीत. करविभागास प्रमाणपत्र दिसे, भारण दिसत नसे.

बीएमडब्ल्यू आय-३ : २०१३ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीच्या पल्लावर्धित प्रकारात संकल्पना अधिक काटेकोरपणे पाळली गेली. तिच्यातील ६४७ घ.सेंमी.चे, २५ किलोवॉट शक्तीचे, दोन सिलिंडरांचे एंजिन त्याच कंपनीच्या स्कूटरवरून घेतलेले होते व ते चाकांना जोडलेले नव्हते. त्यामुळे गाडीचे वजन सु. १२० किग्रॅ. वाढे. पेट्रोलची टाकी केवळ ९ लिटरची होती. घटमाला २२ किलोवॉट-तासांची असल्याने नित्याचा प्रवास विजेवरच व्हावा, अशी योजना होती. दीर्घ चढावर वेग टिकविण्यास इतके लहान एंजिन अपुरे पडे. तिचे अधिकृत उत्सर्जन १३ ग्रॅम होते. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने २०१२ मध्ये अशा गाड्यांचा स्वतंत्र वर्ग केला. एंजिनावरील पल्ला विद्युत् पल्ल्याहून अधिक नसावा व घटमाला रिकामी होईपर्यंत एंजिन सुरू होऊ नये, अशा त्याच्या अटी होत्या. यूरोपातील चालकास घटमाला काही अंशी भरलेली असतानाही एंजिन सुरू करता येत असे.

नेदर्लंड्समधील अनुभव : नेदर्लंड्समध्ये कंपनीची गाडी वर्षात ५०० किमी.हून अधिक खाजगी कामास वापरल्यास तिच्या मूल्याचा ठराविक हिस्सा उत्पन्नात मिळविला जातो. ब्रिटनच्या उलट, घर ते कार्यालय हा प्रवास तेथे कामकाजी समजला जातो. २०१२ व २०१३ मध्ये ५० ग्रॅमपर्यंतच्या गाड्यांसाठी हा हिस्सा शून्य टक्के, तर सर्वसाधारण गाड्यांसाठी २५ टक्के होता. नोंदणीच्या वेळी मिळालेला दर साठ महिने टिके. त्यामुळे तेथे २०१२ मध्ये अँपेरास मोठी मागणी आली. २०१३ च्या अखेरीस सवलत घटणार असल्याने मित्सुबिशी आउटलँडर व व्होल्व्हो व्ही-६० या अल्प विद्युत् पल्ल्याच्या संकरित गाड्यांच्या नोंदणीची एकच झुंबड उडाली. इंधनपत्रांवरील नोंदी अभ्यासल्यावर या गाड्यांचा प्रत्यक्ष पेट्रोल-डीझेल खप अधिकृत आकड्यांहून कितीतरी जास्त असल्याचे दिसून आले. २०१७ पासून सवलतीचा दर केवळ शून्य-उत्सर्जन गाड्यांपुरता ठेवण्यात आला.

प्रत्यक्ष वापर : अमेरिकेत ऊर्जा विभागाच्या साहाय्याने झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात व्होल्टधारकांचा सु. ७४ टक्के प्रवास विजेवर झाल्याचे आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेला आढळले. या धारकांच्या घरी भारण-उपकरणे बसविलेली होती व पेट्रोलचा खर्च सामान्यतः त्यांचा त्यांनाच सोसावा लागे. याउलट इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्स्पोर्टेशन आणि जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था यांच्या २०२२ मधील यूरोपविषयक अभ्यासात, बाहेरून भारित होणाऱ्या संकरित गाड्यांचा विजेवरील प्रवास खाजगी मालकांच्या बाबतीत ४५ ते ४९ टक्के, तर कंपनीच्या गाड्यांच्या बाबतीत केवळ ११ ते १५ टक्के भरला. दोन्ही अभ्यासांतील गाड्या सारख्या नाहीत. दुसऱ्यात विद्युत् पल्ला कमी असलेल्या गाड्या बहुसंख्य आहेत. तथापि एकाच अभ्यासातील खाजगी व कंपनीच्या गाड्यांमधील तफावत केवळ यंत्ररचनेने स्पष्ट होत नाही. कंपनीच्या इंधनपत्रावर पेट्रोल फुकट मिळते आणि घरच्या विजेचे देयक स्वतः भरावे लागते, अशा ठिकाणी गाडी भारित करण्यात चालकाचा लाभ नसतो. उलट तोटाच असतो.

करपद्धतीतील सुधारणा व नंतरचा काळ : ब्रिटनमध्ये खरेदी-अनुदानासाठी २०१८ मध्ये किमान ७० मैल विद्युत् पल्ल्याची अट आली. एप्रिल २०२० पासून ५० ग्रॅमपर्यंतच्या गाड्यांचे करगट विद्युत् पल्ल्यानुसार पाडण्यात आले : १३० मैल वा अधिक, ७० ते १२९, ४० ते ६९, ३० ते ३९ व ३० मैलांहून कमी. पल्ला जितका अधिक, तितका कर कमी. परंतु या सुधारणेचा ज्यांना खरा लाभ झाला असता त्या गाड्या तोवर बाजारातून गेल्या होत्या. अँपेराची विक्री त्याआधीच थांबली होती, आय-३ चा पल्लावर्धित प्रकार यूरोपात २०१८ मध्ये बंद झाला व व्होल्टचे उत्पादन फेब्रुवारी २०१९ मध्ये संपले. घटमाला स्वस्त व मोठ्या झाल्याने केवळ विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी त्यांची जागा घेतली. यूरोपीय संघाने चाचणीतील विजेवरील प्रवासाचे गृहीत प्रमाण नव्या प्रकारच्या गाड्यांसाठी २०२५ पासून कमी केले.

संकल्पना मात्र लोपली नाही. चीनमध्ये २०१९ मध्ये ‘ली वन’ ही ४०.५ किलोवॉट-तास घटमालेची गाडी आली व तेथे या वर्गास मोठी बाजारपेठ मिळाली. माझ्दा कंपनीने २०२३ मध्ये ‘एमएक्स-३०’ गाडीचा पल्लावर्धित प्रकार आणला. त्यात ८३० घ.सेंमी.चे घूर्णी एंजिन, १७.८ किलोवॉट-तासांची घटमाला व ८५ किमी. विद्युत् पल्ला आहे.

निवडीचे निकष : कार्यालयीन प्रवासासाठी अशी गाडी निवडताना या इतिहासातून काही निकष निघतात. घरी किंवा कार्यालयात गाडी रोज तासन्‌तास उभी राहते तेथे भारणाची सोय असावी. जाण्यायेण्याचे एकूण अंतर हिवाळ्यात घटणाऱ्या पल्ल्यातही बसावे. कार्यालयातही भारण होत असल्यास एकेरी अंतर पुरेसे धरता येते. अतिशीत हवेत काही गाड्यांचे एंजिन उष्णतेसाठी आपोआप सुरू होते, हेही हिशेबात घ्यावे लागते. दूरचा प्रवास अधूनमधूनच असावा. तो रोजचाच असल्यास एंजिनाला जोडून घटमालेचे वजन वाहिले जाते व कार्यक्षम डीझेल गाडीही कमी इंधन खाते. यांहून महत्त्वाचा निकष कंपनीच्या हाती असतो. घरच्या विजेचा खर्च भरून देणे व खाजगी प्रवासाच्या पेट्रोलचा खर्च कर्मचाऱ्याकडे ठेवणे या दोन नियमांनी भारण हे चालकाच्या हिताचे होते. जेथे असे नियम नव्हते तेथे सरकारचा महसूल गेला, कर्मचाऱ्याचा कर वाचला आणि हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड मात्र अपेक्षेप्रमाणे घटला नाही.