लेझर मशीनचा शजरा

घरी लेझरचे मशीन आहे म्हटले की पाटोद्यात लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. कितीला पडले? आणि चायनाचेच ना? पहिल्या प्रश्नाला मी बगल देतो. दुसऱ्याचे उत्तर 'हो' आहे, पण ते अर्धेच आहे. मशीन जुळवले गेले चीनमधल्या कारखान्यात, हे खरे. ते ज्या विद्येवर चालते तिचा शजरा, म्हणजे वंशावळ, मांडायला बसलो तर मात्र त्यात बगदाद येते, बिदर येते आणि आपल्या शेजारची बारामतीही येते.

आधी मशीन कसे चालते ते सांगतो. चाळीस वॅटची काचेची नळी, तीन आरसे, एक भिंग आणि दोन मोटारी, एवढाच त्याचा संसार. नळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम या वायूंचे मिश्रण असते. वीज सोडली की डोळ्यांना न दिसणारा किरण निघतो, तीन आरशांवरून वळत भिंगापर्यंत येतो आणि भिंगाखाली एका बारीक टिंबात गोळा होतो. त्या टिंबाखाली तीन मिलिमीटरचा एमडीएफ कापला जातो, ॲक्रिलिक कापले जाते, चामड्यावर नाव उमटते. बीडच्या उन्हाळ्यात नळीभोवती फिरणारे पाणी तापते, तेव्हा बादलीत बर्फाच्या बाटल्या सोडाव्या लागतात. पीव्हीसी मात्र यात कधीच घालायचे नाही. त्याच्या धुरातला हायड्रोजन क्लोराइड माणसाची फुप्फुसे आणि मशीनचे लोखंड, दोन्ही खातो. माझ्याकडून आयतांच्या तख्त्या होतात, दारावरच्या नावाच्या पाट्या होतात, गणपतीची मखरेही होतात.

या मशीनच्या शजऱ्याला दोन बाजू आहेत. ददियाल म्हणजे प्रकाशाची विद्या आणि ननियाल, म्हणजे आजोळ, कोरण्याची विद्या.

ददियालपासून सुरुवात करू. इ.स. ९८४ च्या सुमारास बगदादमध्ये इब्न सहल नावाच्या गणितज्ञाने जाळणाऱ्या आरशांवर आणि भिंगांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्यापुढचा प्रश्न अगदी व्यावहारिक होता. लांबून आलेले किरण एकाच बिंदूवर गोळा करून तिथे वस्तू पेटवायची असेल, तर आरशाचा किंवा भिंगाचा आकार कसा हवा? त्यासाठी प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना किती वळतो, याचे गुणोत्तर त्याने वापरले. हाच नियम युरोपात पुढे १६२१ मध्ये स्नेलने मांडला आणि आपण शाळेत तो त्याच्याच नावाने शिकलो. इब्न सहलच्या ग्रंथाची पाने दोन तुकड्यांत विखुरली होती. एक तुकडा दमास्कसला, दुसरा तेहरानला. विज्ञानाचे इतिहासकार रुश्दी राशिद यांनी ते जुळवून १९९० मध्ये जगापुढे आणले. ग्रंथात ज्या भिंगांचा विचार आहे, त्यातले एक एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर आहे. माझ्या मशीनमधले भिंगही तसेच आहे. फक्त ते काचेचे नसून झिंक सेलेनाइडचे आहे, कारण हा किरण काचेतून पार होत नाही.

इब्न सहलच्या पुढच्या पिढीत बसऱ्याचा इब्न अल-हैसम झाला. डोळ्यातून किरण निघतात म्हणून दिसते, हा जुना समज त्याने 'किताब अल-मनाझिर'मध्ये खोडून काढला आणि वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते हे दाखवले. आरसे आणि जाळणारी भिंगे यांवरही त्याने लिहिले.

इथे जरा थांबायला हवे. आपल्या लोकांमध्ये एक मोठी खोड आहे. असे काही वाचले की लगेच मोबाईलवर फिरते, 'लेझरचा शोध मुसलमानांनी हजार वर्षांपूर्वीच लावला होता.' लावला नव्हता. इब्न सहलने सूर्याचा प्रकाश गोळा करण्याचे गणित केले. लेझर म्हणजे अणू-रेणूंकडून एका तालात प्रकाश काढून घेणे, आणि त्याची कल्पनाही त्या काळात शक्य नव्हती. ती बीजरूपाने आइनस्टाइनच्या १९१७ च्या लेखात आली. पहिला लेझर थिओडोर मेमनने १६ मे १९६० रोजी अमेरिकेत माणकाच्या कांडीतून काढला. 'तुमचे योगदान काय?' असे कुणी हिणवून विचारले की त्याला खोट्या बढाईने उत्तर देण्याची गरज नाही. खरे जेवढे आहे तेवढे पुरेसे आहे.

आता बारामती. सी. कुमार पटेल यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजी बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेला स्टॅनफर्डला गेले. १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवून बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले आणि १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर घडवला. त्यांची युक्ती समजायला सोपी आहे. विजेची ऊर्जा आधी नायट्रोजनच्या रेणूंना द्यायची. ते ती बराच वेळ धरून ठेवतात आणि धडकताना कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंच्या हवाली करतात. त्या रेणूंतून १०.६ मायक्रॉनचा किरण बाहेर पडतो. लाकूड, चामडे, ॲक्रिलिक हा किरण शोषून घेतात, म्हणून कापले जातात. चकचकीत धातू तो परतवून लावतात. सुरुवातीला या लेझरची ताकद अगदीच किरकोळ होती, पण काही वर्षांतच ती शेकडो वॅटवर गेली. पुढे त्यावर कारखाने चालले, शस्त्रक्रिया झाल्या. १९९६ मध्ये अमेरिकेने पटेल यांना राष्ट्रीय विज्ञान पदक दिले. माझ्या नळीतले वायू आणि त्यांचे नाते त्यांचेच आहे. ऊस आणि राजकारण या दोनच गोष्टींसाठी ज्या गावाचे नाव आपल्याकडे घेतले जाते, तिथला मुलगा जगभरच्या लेझर कटरचा बाप आहे, हे आपल्या शाळांत सांगितले जात नाही.

आता आजोळाकडे वळतो. मांजरा नदीचा उगम आमच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात आहे. बीड, धाराशिव, लातूर करत ती कर्नाटकात बिदरच्या मुलखात जाते आणि पुढे तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीला मिळते. १९५६ ची राज्य पुनर्रचना होईपर्यंत बीड आणि बिदर एकाच हैदराबाद राज्यात होते. आज मध्ये राज्याची सीमा आली म्हणून बिदरी काम आपल्याला परके वाटते, एवढेच.

बिदरीचा धातू म्हणजे बहुतांश जस्त आणि थोडे तांबे. माझ्या भिंगातले झिंक म्हणजेही जस्तच. साच्यातून निघालेले भांडे घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवून ते तात्पुरते काळे करतात, म्हणजे त्यावर काढलेली रेघ दिसते. मग कारागीर टोकदार सुईने हातानेच नक्षी काढतो, छिन्नीने खाच करतो आणि त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवतो. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचे मिश्रण गरम भांड्यावर चोळले की धातू कायमचा काळा होतो. चांदीला काहीच होत नाही. ती काळ्यावर चमकत राहते.

माझे मशीनही असेच काळ्या-पांढऱ्यात विचार करते. चित्रात जिथे काळे तिथे जाळायचे, जिथे पांढरे तिथे सोडायचे. फरक हाताचा आहे. बिदरचा कारागीर छिन्नी मारताना धातू कुठे नरम, कुठे कडक हे मनगटाने ओळखतो. मशीनला यातले काही कळत नाही. दिलेली रेघ ते निमूटपणे जाळते, मग ती बरोबर असो की चूक.

आणि चूक होतेच. लोक मोबाईलवर तयार फाइल घेऊन येतात. अरबी अक्षरे शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे रूप घेतात, एकमेकांचा हात धरतात. सॉफ्टवेअरला हे ठाऊक नसेल तर ते प्रत्येक अक्षर सुटे करते आणि वर डावीकडून उजवीकडे मांडते. ज्याला वाचता येत नाही त्याला ती तरीही 'अरबी'च दिसते. अशा मोडक्या आयती भिंतीवर लावलेली घरे मी पाहिली आहेत. देवनागरीचे दुःखही हेच आहे. अशाच सॉफ्टवेअरमध्ये 'किरण' लिहिले की 'करिण' उमटते, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. ज्यांनी ही सॉफ्टवेअरे बनवली त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या दोन्ही लिप्या नव्हत्या. मराठी मुसलमानाला हा अनुभव दुप्पट येतो.

कापकामात दोन्ही लिप्यांचे स्वभावही कळतात. देवनागरीची शिरोरेषा सगळ्या अक्षरांना एका दांडीला बांधून ठेवते. पाटी कापली तरी शब्द अखंड हातात येतो. फक्त अनुस्वार गळून पडतो. अरबीत नुक्ते गळतात, आणि नुक्ता गेला तर 'बे' कुठला आणि 'ते' कुठला, हेच कळत नाही. मग बारीक पूल ठेवून नुक्ता अक्षराला जोडावा लागतो, किंवा मागे दुसरी पाटी लावून त्यावर तो चिकटवावा लागतो. त्याला वेळ लागतो. गिऱ्हाईक म्हणते, राहू द्या. तिथे नाही म्हणता आले पाहिजे.

लेझरने आपल्या अक्षरांच्या पोटावर एकदा पाय दिलेला आहे. उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. १९८१ च्या सुमारास मिर्झा अहमद जमील या खत्तातांनी नस्तालीकचे हजारो जोडशब्द हाताने लिहून मोनोटाइपच्या लेझरकॉम्प नावाच्या अक्षरजुळणी यंत्रासाठी दिले. त्यातून 'नूरी नस्तालीक' तयार झाली आणि पाकिस्तानातल्या 'जंग'ने ती वापरली. पुढे संगणकावरून ती सगळीकडे पसरली. आपली लिपी जगली आणि कातिबांची कलमे थांबली. चेन्नईचा १९२७ पासूनचा 'मुसलमान' हातानेच लिहिला जात राहिला, तो अपवाद म्हणून.

म्हणून मशीन वाईट असे मी म्हणत नाही. मिर्झा जमील यांचे प्रत्येक वळण त्या अक्षरांत जिवंत आहे. मला खटकते ते नाव पुसले जाणे. बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशदारावर पितळी पत्रा आहे. त्यावर फुलांची नक्षी आहे आणि सतराव्या शतकातली दोन नावे आहेत, वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. एकाच दारावर दोघे शेजारी. मुघल काळात कारागिरांची नावे सहसा दिसत नाहीत, त्यामुळे या दाराचे मोल मोठे आहे. हे कोणी बांधले, यावर आज वाद घालणाऱ्यांनी ते दार एकदा जवळ जाऊन वाचावे.

माझ्यापुरते मी तीन नियम केले आहेत. आयत असेल तर फाइल आधी कागदावर छापून हाफिजसाहेबांकडून वाचून घ्यायची, मगच जाळायची. शक्य असेल तेव्हा इंटरनेटवरची फाइल न घेता एखाद्या खत्तातकडून लिहून घ्यायचे आणि त्याचा मोबदला गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळा दाखवायचा. आणि पाटीच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, लिहिणाऱ्याचे नाव कोरायचे. त्याला मशीनचे जेमतेम वीस सेकंद जातात. पाटी भिंतीला लागली की ते नाव कुणाला दिसत नाही. पण कधीतरी घराला रंग द्यायला पाटी उतरेल, तेव्हा दिसेल.