मेळ्याची चाल

लखनऊच्या छावणीत राहायला आल्यावर पहिल्याच मुहर्रमात मी जुन्या शहरात, चौकात गेलो. काळे सदरे घातलेल्या पुरुषांची एक अंजुमन उभी होती. मधे एकाच्या हातात वही. त्या वहीला बयाज म्हणतात आणि ती धरणाऱ्याला साहिबे-बयाज. तो नौह्याची ओळ म्हणे, बाकीचे ती उचलत, आणि छातीवर पडणारे हात ताल धरत. वाद्य एकही नव्हतं. ऐकता ऐकता मला पुण्यातले गणपतीचे मेळे आठवले. मी ते पाहिलेले नाहीत, आजोबांकडून ऐकलेले.

ही आठवण अगदीच अस्थानी नव्हती. 1893 पर्यंत पुण्यातल्या मुहर्रमात हिंदूंचा मोठा सहभाग असे. ते ताबूत बसवत, सोंगं घेत, गाणाऱ्या-नाचणाऱ्या टोळ्या काढत. त्या वर्षी मुंबईत दंगल झाली आणि पुढच्याच वर्षी पुण्यातल्या हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली. माणसं तीच, हौस तीच, जागा बदलली. सार्वजनिक गणेशोत्सवात जे मेळे उभे राहिले त्यांचा साचा बराचसा या टोळ्यांचाच होता. एकसारखा पोशाख, हातात काठ्या, पुढे म्हणणारा एक आणि मागे झेलणारे अनेक. पोशाख मात्र आता शिवकालीन मावळ्यांचा. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्यावरच काही पदांतून टीका होऊ लागली, हे आपल्या उत्सवी इतिहासात सहसा सांगितलं जात नाही. सप्टेंबर 1894 मध्ये तात्यासाहेब नातूंचा मेळा दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून वाजत-गाजत जाताना मारामारी झाली. वाद गाण्याचा होता की कुठे गावं याचा, हे त्या वेळी कुणी वेगळं करून पाहिलं असेल असं वाटत नाही.

मेळ्यांत शाळा-कॉलेजांतली मुलं असत, पेठांतले तरुण असत. गाणं शिकलेले त्यांत थोडेच. म्हणून चाली लोकांच्या तोंडी असलेल्या, बऱ्याचदा नाटकातल्या. शब्द तेवढे नवे. ध्रुवपद एकदा कानावर पडलं की रस्त्यावरचा माणूसही साथ देई. पदांच्या छोट्या पुस्तिका छापून विकल्या जात. पुस्तिकेत स्वदेशी असे, काँग्रेस असे, शिवाजी तर असेच. व्याख्यानाला न जाणाऱ्यापर्यंत राजकारण असं गात गात पोचलं. सरकारच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. रँडच्या खुनानंतर 1897 मध्ये नातू बंधूंना खटल्याशिवाय डांबून ठेवलं. टिळक मंडालेला असताना, 1910 च्या सुमारास, मेळ्यांवर कडक निर्बंध आले. टिळक सुटले ते 1914 मध्ये, आणि दोन वर्षांनी इथे लखनऊला काँग्रेसच्या अधिवेशनात हिंदू-मुस्लिम करारावर सहमत झाले. दारूवाला पुलापासून लखनऊपर्यंतचं ते अंतर मला नेहमी विचारात पाडतं.

लखनऊनेही गाण्यावरची बंदी पाहिली आहे. शिया-सुन्नी दंगलींनंतर 1977 मध्ये इथल्या मिरवणुका थांबवल्या गेल्या, त्या सुरू व्हायला 1998 उजाडलं. एवढ्या काळात एक पिढी रस्त्यावर न गाता मोठी होते.

पुण्यात 1920 नंतर भांडणाची बाजू बदलली. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्याने ब्राह्मणांच्या वर्चस्वावर गाणी रचली. समोरून सन्मित्र समाजाचा मेळा होताच. शिवाजी दोघांचाही. दोन्हीकडची काही पदं आज वाचवत नाहीत, पण सार्वजनिक म्हणवणाऱ्या उत्सवात सगळ्यांना गायला मिळतं का, हा प्रश्न छत्रपती मेळ्याने भर चौकात विचारला. माझ्या मते मेळ्यांच्या साऱ्या इतिहासात यापेक्षा खरा प्रश्न दुसरा नाही. पुढे मेळ्यांत मुली आल्या, नाट्यछटा आल्या, मग सिनेमा आणि लाउडस्पीकर आले आणि गाणाऱ्या घोळक्याची गरजच उरली नाही.

आजोबा तिसाव्या दशकात एका मेळ्यात मागच्या रांगेत उभे राहत. त्यांना ध्रुवपदंच येत. कडवी पुढच्याने म्हणायची. म्हातारपणी दाढी करताना ते एक चाल गुणगुणत. शब्द विचारले की म्हणत, चाल चांगली आहे, शब्द राहू देत.