न बदलणारी किल्ली

वडसा (देसाईगंज) येथील बाजारातून दोन कुलपे आणली, तर एकाची किल्ली दुसऱ्याला लागणार नाही, हे आपण गृहीत धरतो. कॅमेरा किंवा राउटर आणताना मात्र असा प्रश्न मनातही येत नाही. तो का यायला हवा, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१८८३ साली पॅरिसमधील ऑगुस्त केर्कहोफ्स या भाषाशिक्षकाने एका लष्करी नियतकालिकात सांकेतिक लेखनाचे नियम मांडले. संदेश लपवण्याची पद्धत शत्रूला कळली तरी बिघडू नये. गुपित फक्त किल्लीत असावे आणि ती हवी तेव्हा बदलता यावी, असे त्याचे म्हणणे होते. १९६०च्या दशकात संगणकावर आलेला पासवर्ड म्हणजे अशीच किल्ली.

पुढे छोट्या यंत्रांतही संगणक शिरला. यंत्राच्या चिपमध्ये कारखान्यातच भरलेल्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. चाचणी व दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून काही उत्पादकांनी पासवर्ड त्यातच लिहून टाकला. त्या जातीच्या लाखो यंत्रांत फर्मवेअर एकच असते. त्यामुळे कोणी एका यंत्रातला प्रोग्रॅम वाचला, की सगळ्यांची किल्ली त्याच्या हाती येते. मालकाला मात्र ती बदलता येत नाही.

२०१० साली स्टक्सनेट हा उपद्रवी प्रोग्रॅम उघडकीस आला. कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमधील असाच पक्का पासवर्ड त्याने वापरला होता. तो बदलू नका, काम बंद पडेल, असे सांगण्याची वेळ कंपनीवर आली! इराण आणि इंडोनेशियाच्या पाठोपाठ भारतातही बरेच संगणक बाधित झाले होते.

२०१६ साली मिराई या प्रोग्रॅमने साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याकडून एकाच वेळी डिन या कंपनीवर मागण्यांचा मारा करवला गेला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेकांना उघडेनाशी झाली. त्यांतील काही कॅमेऱ्यांच्या मालकांनी पडद्यावरचा पासवर्ड बदलला असता, तरी उपयोग नव्हता. दूरवरून आत शिरण्याची दुसरी वाट फर्मवेअरमधल्याच पासवर्डने उघडत होती.

जुलै २०१७मध्ये अशाच एका हल्ल्यात भारत संचार निगमच्या ग्राहकांचे अनेक मोडेम बंद पडले. तिथे पासवर्ड बदलता येत होता, पण कारखान्यातला तसाच राहिला होता. निगमला तो बदलण्याचे आवाहन करावे लागले. म्हणजे दोष दोन प्रकारचे आहेत: न बदललेली किल्ली आणि न बदलता येणारी किल्ली. पहिल्यावर उपाय आपल्या हाती आहे, दुसऱ्यावर फक्त उत्पादकाच्या. म्हणूनच ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून सर्व यंत्रांना एकच पासवर्ड देण्यास कायद्याने मनाई केली.

शाळेतील राउटर, कॅमेरा, प्रिंटर यांची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. प्रत्येकासमोर तीन प्रश्न लिहावेत: पासवर्ड बदलता येतो का? बदलला आहे का? कंपनी नवे फर्मवेअर देते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते यंत्र इंटरनेटला न जोडणेच बरे.