बाकावरचा ठेका

मित्रमैत्रिणींनो, मधल्या सुट्टीत बाक बडवून मी बाईंचा किती ओरडा खाल्ला, आठवतंय ना? मग तो नाद सुटला.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एका मैत्रिणीनं कॅसेट लावली: जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीची १९८९ची लंडनमधली जॅझ मैफल. ड्रमवर मुंबईचे त्रिलोक गुर्टू. ते जमिनीवर बसून तबला आणि ड्रम दोन्ही वाजवतात. झांज पाण्याच्या बादलीत बुडवली, की तिचा सूर खाली घसरतो. त्यांच्या आई ठुमरीगायिका शोभा गुर्टू, मूळच्या बेळगावच्या. १९८८च्या ‘उसफ्रेट’मध्ये त्या मुलाबरोबर गायल्या.

जॅझ परक्यांचं, हा माझा समज तिथंच मोडला. चाळिशीत आता तबला शिकतेय.

बाई, मेळाव्यात बाक वाजवीन. ओरडू नका!